हॅमस्टर आजारी आहे हे कसं ओळखायचं: एक काटा, एक वही आणि रोजच्या लेंड्या

आमच्या कोपरखैरणेच्या घरी पहिला हॅमस्टर आला तो जूनमध्ये. मुलीने नाव ठेवलं चिवडा. शुक्रवारी संध्याकाळी आणला आणि रविवारी सकाळी गेला. मधल्या शनिवारी तो कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता, शेपटीखालचा भाग ओला होता, आणि आम्ही एकमेकांना सांगत होतो, "नवीन जागा आहे, बुजलाय, झोपू दे त्याला." दुकानदारानेही फोनवर तेच सांगितलं. दुपारी एका दवाखान्यात नेलं, तर तिथे कुत्र्यामांजरांच्या जुलाबाचं औषध थेंबभर पाजून परत पाठवलं.

वर्षभराने दुसरी हॅमस्टर आली, शेंगा. ती सव्वादोन वर्षं जगली. त्यात दोनदा खरोखर आजारी पडली आणि दोन्ही वेळा आम्हाला वेळेवर कळलं. तोवर आम्ही हुशार झालो होतो असं काही नाही. नुसतं बघून समाधान मानणं सोडून मोजायला आणि लिहायला लागलो होतो, इतकंच. हॅमस्टर हा दुसऱ्यांचं भक्ष्य असणारा प्राणी, त्यामुळे दुखलं-खुपलं तरी तो शेवटपर्यंत लपवतो. त्यात दिवसा तो झोपतो आणि रात्री जागतो. आपण ऑफिसला जाताना पिंजऱ्यात डोकावतो तेव्हा निरोगी हॅमस्टर आणि आजारी हॅमस्टर दोघेही सारखेच दिसतात: भुशाखालचा एक गोळा.

ठाणे-नवी मुंबईत नव्याने हॅमस्टर पाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी हे जमवून ठेवा

- १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातीचा असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा
- वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन (पेन बांधलं नाही तर वही आठवड्यात बंद पडते, अनुभव आहे)
- १ मिलीची बिनसुईची सिरिंज, दोन-तीन
- खोलीतलं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र
- न्यायला-आणायला झाकणाचा, भोकं असलेला लहान डबा
- हॅमस्टर बघणाऱ्या दोन डॉक्टरांचे नंबर, वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात

१. आपल्याकडे नेमका कोणता आहे ते ठरवा

दुकानात सगळ्यांना "हॅमस्टर" म्हणूनच विकतात. मोठा, बहुतेकदा सोनेरी-पांढरा असतो तो सीरियन. पूर्ण वाढल्यावर साधारण १०० ते १५० ग्रॅम. ड्वार्फ जाती ३० ते ५० ग्रॅमच्या आसपास, आणि रोबोरोव्हस्की त्याहून लहान, वीस-पंचवीस ग्रॅमचे. आयुष्य दोन ते तीन वर्षं, ड्वार्फचं थोडं कमी. म्हणजे दीड वर्षाचा हॅमस्टर उतारवयाला लागलेला असतो हे लक्षात ठेवा.

इथला पहिला सापळा "जोडी". दुकानदार म्हणतो, एकटा कंटाळेल, दोन न्या. सीरियन हॅमस्टर मोठे झाले की एकत्र राहूच शकत नाहीत. रात्री एकमेकांना फाडतात, आणि जखम केसांखाली लपून पिकते. शिवाय नर-मादी निघाले तर गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा. पोट फुगलंय म्हणून आजाराच्या भीतीने डॉक्टरकडे नेलं आणि पिल्लं झाली, असं आमच्याच इमारतीत घडलंय.

२. आजार नसलेल्या गोष्टी आधी ओळखा

पहिल्या महिन्यात माझी अर्धी घाबरगुंडी या यादीमुळे वाचली असती.

*कमरेवरचे काळे डाग.* सीरियनच्या दोन्ही बाजूंना, मांडीच्या वर, गडद ठिपका असतो. ती गंधग्रंथी आहे. लोक त्याला गोचीड समजून चिमट्याने ओढतात. ड्वार्फमध्ये ही ग्रंथी पोटाच्या मध्यावर असते.

*पिवळे दात.* हॅमस्टरचे पुढचे दात पिवळसर-केशरीच असायला हवेत. ते आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडून झिजतात.

*मागची "गाठ".* वयात आलेल्या नराचे वृषण शरीराच्या मानाने खूप मोठे असतात, गरमीत तर जास्तच दिसतात. दोन सारख्या गाठी, दोन्ही बाजूंना, तर काळजी नको.

*मादीचा पांढरा चिकट स्राव.* मादीचं चक्र चार दिवसांचं असतं आणि प्रत्येक चक्रात एकदा घट्ट, वासाचा, पांढरट स्राव दिसतो. रोज येत असेल, रक्त किंवा पू असेल, सडका वास असेल, तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे.

*स्वतःची लेंडी खाणं.* किळस वाटते, पण ते त्यांच्या पचनाचा भाग आहे.

*डोक्याएवढे फुगलेले गाल.* गालपिशव्या खांद्यापर्यंत जातात. काही तासांत रिकाम्या झाल्या की झालं.

३. रोज रात्री दोन मिनिटं

वेळ रात्री साडेनऊ-दहाची ठेवा, तो उठल्यावरची. दिवसा उठवून तपासू नका. चिडतो, चावतो, आणि अर्धवट झोपेतला हॅमस्टर सुस्तच दिसतो.

पहिल्यांदा लेंड्या बघा. काळपट, घट्ट, तांदळाच्या दाण्यासारख्या हव्यात. मऊ, फिक्या, भुशाला चिकटलेल्या दिसल्या, किंवा फारच कमी दिसल्या, तर वहीत लिहा आणि त्या रात्री परत एकदा बघा. मग शेपटीखालचा भाग कोरडा आहे का ते पाहा. मग काकडीचा तुकडा किंवा एक सूर्यफुलाचं बी हातावर धरा. निरोगी हॅमस्टर नाक हलवत येतो. न येणं हे आमच्याकडचं सगळ्यात खात्रीचं लक्षण ठरलं.

पाणी मोजा. बाटलीवर चिकटपट्टी लावून सिरिंजने पाच-पाच मिलीच्या खुणा करून घ्या. शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण १० मिली पाणी लागतं. काकडी जास्त दिली तर कमी पितात. पण दोन-तीन दिवस लागोपाठ दुप्पट पाणी संपत असेल (आणि बाटली गळत नसेल, हे आधी बघा) तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मादीत गर्भाशयातला पू, यांपैकी काही असू शकतं. ड्वार्फमध्ये, विशेषतः कॅम्पबेल जातीत, मधुमेह बऱ्यापैकी दिसतो.

ताटली रिकामी म्हणजे खाल्लं, असं समजू नका. इथेच मोठी फसगत होते. हॅमस्टर खाणं उचलून बिळात साठवतो, आजारी असतानाही. चिवड्याची ताटली शनिवारी रात्री साफ होती. सगळे दाणे नंतर घरट्यात तसेच सापडले.

४. दर रविवारी वजन

सगळा लेख विसरलात तरी हे एक करा. केसांच्या गोळ्यात वजन घटलेलं डोळ्यांना कळतच नाही.

खोल डबा काट्यावर ठेवून शून्य करा, बी दाखवून हॅमस्टरला त्यात उतरवा. दर वेळी तीच वेळ, खाणं देण्याआधी. गालपिशव्या भरलेल्या असतील तर ते वजन धरू नका. शेंगाच्या गालात एकदा सात ग्रॅमचा ऐवज होता आणि आम्ही "जाड झाली" म्हणून खूश होतो.

वजन एका आठवड्यात दहा टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टर. १२० ग्रॅमचा असेल तर १२ ग्रॅम, ४० ग्रॅमचा असेल तर फक्त ४. म्हणून ड्वार्फला बारीक काटा लागतो. एकाच आठवड्यात एवढं उतरलं नाही तरी लागोपाठ दोन-तीन आठवडे उतरत असेल तर तेही तेवढंच गंभीर. शेंगाचे आकडे असे होते: १२६, १२२, ११७. वागणं छान, चाक जोरात. दात तपासले तर वरचा एक तुटलेला आणि समोरचा खालचा वाढून टाळूला टोचत होता. डॉक्टरांनी दात कापला आणि पंधरा दिवस ओट्सची पेज दिली, त्यावर वजन परत आलं. नखं कापायच्या कटरने घरी दात कापू नका, उभा चिरतो.

५. काय दिसलं तर किती थांबायचं

लगेच, त्याच तासात निघायचं:

शेपटीकडचा भाग ओला, जुलाब, दुर्गंधी, पाठीला पोक. याला सगळीकडे "वेट टेल" म्हणतात. लॉसोनिया नावाच्या जिवाणूमुळे आतड्याला सूज येते. तीन ते आठ आठवड्यांच्या सीरियन पिल्लांमध्ये जास्त, आणि तेही जागा बदलल्यावर, प्रवासाच्या ताणानंतर, म्हणजे नेमकं आपण दुकानातून आणतो तेव्हा. २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. नवीन आणलेल्या पिल्लाच्या बाबतीत "सोमवारी बघू" हा पर्यायच नाही.

तोंड उघडून श्वास, किंवा श्वासाबरोबर टिकटिक आवाज. गालपिशवी उलटी होऊन तोंडाबाहेर आलेली (गुलाबी, ओली गाठ दिसते, आत ढकलू नका). थांबत नसलेलं रक्त. झटके. अंग लुळं पडणं.

चोवीस तासांच्या आत:

एका बाजूचा गाल दिवसभर फुगलेलाच, वास येतोय. चिक्की, गूळ, खजूर असलं चिकट काही दिलं की ते पिशवीत अडकतं आणि सडतं. मान एका बाजूला कलणं किंवा एकाच दिशेने गोल फिरणं, हे बहुतेकदा कानाच्या आतल्या संसर्गाचं असतं. लघवीत रक्त. लाळेने ओली हनुवटी. डोळ्यातून पू. दिवसभर काहीच न खाणं.

दोन-तीन दिवसांत:

केस जाणं, खाजवून कातडी लाल होणं, नवीन गाठ, तळपायाला फोड. केसांच्या बाबतीत सगळे एकदम किड्यांवर येतात. किडे असू शकतात, पण म्हातारपण, जाळीच्या चाकावर घासणं, बुरशी हेही असतं. कुत्र्याचा गोचीड-स्प्रे मारू नका. गोल चकतीसारखा केस गेलेला भाग असेल तर नायटा समजा आणि मुलांना हात लावू देऊ नका, माणसाला होतो.

झोपेतून उठल्यावर म्हाताऱ्या हॅमस्टरचे डोळे चिकटतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळू पुसलं की उघडतात. रोज चिकटायला लागले तर दाखवा.

६. आपली हवा

आज पाळले जाणारे बहुतेक सगळे सीरियन हॅमस्टर १९३० साली अलेप्पोजवळ पकडलेल्या एका कुटुंबाचे वंशज आहेत. कोरड्या मुलखात, जमिनीखाली थंड बिळात राहणारा हा प्राणी. त्याला आपण घोडबंदर रोडच्या बाराव्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडकीत ठेवतो.

त्याला १८ ते २४ अंश मानवतं. तीसच्या पुढे धोका सुरू होतो, आणि मार्च ते मे, शिवाय ऑक्टोबरमध्ये, आपल्या बंद घरात दुपारी तीसच्या पुढे सहज जातं. पंख्याचा त्याला उपयोग नाही, कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पिंजरा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत, उन्हापासून लांब ठेवा. फुटक्या माठाचं खापर किंवा फरशीचा तुकडा आत टाका, त्यावर पोट टेकून पडतात. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून एका बाजूला लावा. दुपारी वीज गेली तर हाच आधार.

उष्माघातात हॅमस्टर पसरून पडतो, भराभर श्वास घेतो, लाळ गळते, उचलला तर चिंधीसारखा लोंबतो. अनेकांना वाटतं गेला, किंवा "थंडीची झोप" लागली. ठाण्यात मे महिन्यात थंडीची झोप लागत नाही. त्याला थंड जागी घ्या, साध्या गार पाण्याने पंजे आणि कान ओले करा, शुद्धीवर असेल तर ओठाशी पाण्याचा थेंब धरा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. थोडा सावरला तरी डॉक्टरकडे न्याच.

पावसाळ्याचा त्रास संथ असतो. भुसा ओलसर राहतो, लपवलेल्या दाण्यांना बुरशी येते, लघवीचा कोपरा तीव्र वास मारतो आणि त्या वाफेने नाक-छाती बिघडते. जुलै-ऑगस्टमध्ये साठा दर दोन दिवसांनी बघून ओलं खाणं काढून टाका. देवदार किंवा पाइनचा सुगंधी भुसा नको. कागदी बिछाना किंवा ॲस्पेन लाकडाचा भुसा घ्या. कापसासारखं फुललेलं "घरटं" दुकानात हमखास गळ्यात मारतात, त्यात पाय अडकतात. आणि वास येतोय म्हणून शांपूने आंघोळ घालू नका, कधीच. वाटीभर कोरडी स्वच्छ वाळू ठेवा, तो आपला आपण लोळतो.

७. डॉक्टर आजारपणाआधी शोधा

ठाणे, वाशी, नेरूळ, खारघर, सगळीकडे प्राण्यांचे दवाखाने आहेत, पण बहुतेक कुत्र्यामांजरांचे. फोनवर "हॅमस्टर बघता का?" विचारलं तर बाहेरचा मुलगा "हो हो, सगळे प्राणी बघतो" म्हणतो. असं विचारा: याआधी हॅमस्टर कधी बघितला होता? औषध ग्रॅमच्या वजनावर काढता का? रविवारी आणि रात्री कोण असतं? एकही उत्तर सरळ आलं नाही तर पुढचा नंबर.

परळला बाई साकरबाई रुग्णालय आणि १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिकडे जाणार असाल तर त्या दिवशी लहान प्राणी बघणारे डॉक्टर आहेत का हे फोन करून विचारा, नाहीतर रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये हेलपाटा होतो.

ही नावं वहीत लिहून ठेवा: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, एरिथ्रोमायसिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन. माणसांना आणि कुत्र्यांना सर्रास दिली जाणारी ही अँटिबायोटिक्स हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात, घातक जिवाणू वाढतात आणि त्याने हॅमस्टर मरू शकतो. चिठ्ठीवर यातलं नाव दिसलं तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, हे हॅमस्टरला चालतं का?" चांगला डॉक्टर रागावत नाही.

८. नेताना सोबत काय

- वही (वजन, पाणी, लेंड्या, कधीपासून)
- ताज्या लेंड्या, झिपच्या पिशवीत
- श्वासाचा किंवा चालण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. टेबलावर घाबरून हॅमस्टर सगळं लपवतो
- पिंजऱ्याचा आणि खाण्याच्या पाकिटाचा फोटो
- आधी दिलेल्या औषधाची बाटली

डब्यात त्याचाच जुना भुसा घाला, पाण्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवा. बाटली रिक्षाच्या खड्ड्यांत सांडते आणि ओला हॅमस्टर गारठतो. उन्हाळ्यात सकाळी लवकरची वेळ मागा. कापूरबावडीच्या सिग्नलला दुपारी दीड वाजता अडकलेल्या रिक्षात तो डबा मांडीवर घेऊन बसणं काय असतं ते मला विचारा.

९. घरी औषध देताना

सिरिंज तोंडात सरळ घुसवू नका, बाजूने, दातांच्या मागे, एका वेळी एक थेंब. गिळू द्या, मग पुढचा. पिण्याच्या पाण्यात औषध मिसळा असं सांगितलं तर पुन्हा विचारा, कारण आजारी हॅमस्टर पाणीच कमी पितो. हॅमस्टरला उलटी होत नाही, त्यामुळे जास्त गेलेलं बाहेर येणार नाही. एकापेक्षा जास्त हॅमस्टर असतील तर आजाऱ्याचा पिंजरा वेगळा, आणि त्याचं काम शेवटी.

हात साबणाने धुवा, आधी आणि नंतर. घरात कोणी गरोदर असेल तर पिंजऱ्याची सफाई तिने करू नये. हॅमस्टरकडून एलसीएम नावाचा विषाणू क्वचित येतो आणि तो पोटातल्या बाळाला धोकादायक असतो. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

१०. गणपतीला गावी जाताना

दोन दिवसांचं खाणं टाकून कुलूप लावू नका. हॅमस्टर शेजाऱ्यांकडे ठेवा, आणि त्यांच्या खिडकीखाली ढोल-ताशा वाजत असेल तर पिंजरा आतल्या खोलीत हलवा. सोबत वही द्या, आणि पहिल्या पानावर फक्त चार ओळी लिहा: रात्री दहाला बघायचं, पाणी किती संपलं ते लिहायचं, लेंड्या मऊ झाल्या किंवा बी घ्यायला आली नाही तर फोन, फोन लागला नाही तर पुठ्ठ्यावरच्या डॉक्टरांकडे सरळ न्यायचं, पैसे आम्ही देऊ.

शेंगा चौदा महिन्यांची असताना आम्ही गणपतीला गुहागरला होतो. समोरच्या काकूंना उंदीर दिसला तरी स्टुलावर चढायची सवय, त्या पिंजऱ्याला हात लावत नव्हत्या. पण बाटलीवरच्या खुणा त्या रोज चष्मा लावून वाचत होत्या. वहीत त्यांच्या अक्षरात आहे: "सोमवार १२. मंगळवार १९. बुधवार २३, बाटली गळत नाही, मी खाली वाटी ठेवून पाहिली. वास येतो आहे." बुधवारी रात्री आमचा फोन लागत नव्हता. गुरुवारी सकाळी त्यांच्या मुलाने डबा घेऊन रिक्षा पकडली, गर्भाशयात पू निघाला, आणि आम्ही शनिवारी घरी पोचलो तेव्हा टाके घातलेली शेंगा काकूंच्या देवघराशेजारी झोपली होती.